मधमाश्यांच्या जागी

१२ फेब्रुवारी

आज एकाच गिऱ्हाइकाने दुकानातले सगळे मऊ ब्रश नेले. इतकी वर्षं रंगाचं दुकान चालवतोय, असं कधी झालं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणजे इथल्या बागायतदार संघाचे अध्यक्ष. मी विचारलं, "बंगल्याला रंग काढताय वाटतं?" ते म्हणाले, "बंगल्याला कुठला! झाडांना लावायचेत."

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते स्टूल ओढून बसले आणि सांगत राहिले. गेल्या वर्षी नासपतीच्या बागा पांढऱ्याशुभ्र फुलल्या आणि फळ धरलंच नाही. फुलं नुसती गळून गेली. मधमाश्याच नाहीत, तर एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणार कोण? आता ते माणसांनी करायचं, ब्रशने, एकेका फुलाला हात लावून. माणसं मिळतील. त्यांना शिकवायचं कुणी आणि त्यांच्याकडून करून घ्यायचं कुणी, एवढंच अडलंय.

ब्रशांचं पुडकं बांधता बांधता मी म्हणालो, "मी घेतो."

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "म्हणजे रंगवाल्याची आता मधमाशी होणार म्हणा."

नवं काम हाती घेतलं की रोजचं लिहून ठेवावं, असं बाबा सांगायचे. ते स्वतः कधी लिहीत नसत, ती गोष्ट वेगळी. म्हणून ही वही.

१५ फेब्रुवारी

ताईकडे गेलो. फुलांतलं मला काय कळतंय, आणि तिचं सगळं आयुष्य मधमाश्यांत गेलेलं. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, स्वतःचं लग्नबिग्न बाजूला ठेवून. बागा संपतात तिथे, ओढ्याच्या काठी तिचं घर आहे आणि घरामागे पेट्या. पूर्वी दोन लांबलचक रांगा होत्या. आता उरलेल्या सगळ्या एका भिंतीलगत मावतात.

माझं ऐकून घ्यायच्या आधी तिने एक पेटी उघडून दाखवली. चौकटी जागच्या जागी, मध भरलेला. एका कोपऱ्यात राणी आणि तिच्याभोवती मूठभर कोवळ्या माश्या. बाकी कुणी नाही. मेलेल्यासुद्धा नाहीत.

"चोरी झाली असती तर मध गेला असता," ताई म्हणाली. "इथे मध जागेवर आहे नि घरचेच गेलेत."

"कुठे गेले?"

"ते कळलं असतं तर जाऊन घेऊन नसते का आले?"

मग स्वयंपाकघरात बसून तिने वर्तमानपत्राच्या कडेला फूल काढून दाखवलं. पराग कुठे असतो, कुठे लावायचा, फूल किती उमललेलं हवं. नासपतीच्या झाडाला स्वतःच्या जातीचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचा लागतो, हे मला माहीतच नव्हतं. तिने सगळं दोनदोनदा सांगितलं, लहानपणी पाढे घ्यायची तसं.

निघताना म्हणाली, "तुझ्या नासपतीचं होईल रे. रानातल्या झुडपांकडे कोण ब्रश घेऊन जाणार? पाखरं जी फळं खातात, गुरं जो चारा खातात, त्याचं काय? वाऱ्याने पराग उडून पिकणारं धान्य तेवढं उरेल. त्यावर माणूस जगेल, पण कसला जगेल? मला सकाळी पेटी उघडायची भीती वाटते आता."

मी म्हटलं, तू एकटी असतेस, म्हणून डोक्यात येतं असलं काहीबाही. तिने मधाची बाटली हातात दिली. संपत आलाय म्हणाली, तरी दिली.

८ मार्च

दुकानाच्या माळ्यावर बायकांना शिकवणं चालू आहे. तारेला पातळ कागदाची फुलं बांधलीत आणि सगळ्याजणी त्यांना ब्रश लावतात. बहुतेकजणी फळं डबाबंद करायच्या कारखान्यातल्या. गेल्या वर्षी फळच आलं नाही, तेव्हा कारखान्याने त्यांना घरी बसवलं. त्यांच्यातल्या सगळ्यात खणखणीत आवाजाच्या बाईला मी मुकादम केलं आहे.

मुकादम बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "साहेब, गुणगुणायचं पण का?" सगळ्या इतक्या हसल्या की खालून गिऱ्हाईक वर बघायला आलं.

मला कुणी साहेब म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

२० मार्च

दुसऱ्या जातीच्या झाडांवरून उमलायच्या बेतातली फुलं पोत्यांनी आणली. त्यांच्यातले बारीक लालसर दाणे चोळून वेगळे काढायचे, कागदावर पसरून बल्बखाली ऊब द्यायची. दाणे फुटतात आणि फिकट पिवळी पूड निघते. तोच पराग. रंगाचे नमुने द्यायच्या छोट्या बाटल्या माळ्यावर पडून होत्या, त्यांत भरला. बरोबर मापाच्या निघाल्या. दुकानातला माल असा उपयोगी पडला की बरं वाटतं.

हिला दिवसभर शिंका. म्हणाली, "मधमाश्या शिंकत असतील का हो?"

२५ मार्च

बागेत बहर ऐन भरात आहे. सकाळी ऊन पडलं की बायका शिड्या लावतात आणि फांद्यांत शिरतात. खालून नुसते पाय दिसतात.

बागेत इतकं शांत असतं की बायकाही हळू बोलतात, आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसं. मुकादम बाई म्हणाल्या, त्या लहान असताना बहरात इथे उभं राहिलं तर कानात घूं घूं भरून जायची, शेजारच्याला हाक मारायची तर ओरडावं लागायचं. मी म्हटलं, आता निदान माझं ऐकू येतंय तुम्हाला.

दुपारी त्याच पळत आल्या. ओढ्याकडच्या शेवटच्या रांगेत मधमाश्या आल्या होत्या. खऱ्या. ताईच्याच असणार, दुसऱ्या कुणाच्या उरल्यात? बायका ब्रश खाली धरून, मान वर करून बघत होत्या. एकजण चक्क रडत होती.

"ही रांग सोडायची का साहेब? करतायत त्या."

मी नाही म्हटलं. बागवाल्याशी सगळ्या झाडांचे पैसे ठरलेत. काही झाडं माश्यांनी केली असं एकदा निघालं की पुढच्या वर्षी तो त्या झाडांवर बोट ठेवणार. सगळी झाडं आपणच करायची, म्हणजे प्रश्न नको.

मी स्वतः एका शिडीवर चढलो. मी हात लावणार त्याच फुलावर एक माशी येऊन बसली. ती उठेपर्यंत थांबलो, मग थांबायला कंटाळा आला आणि ब्रशच्या टोकाने तिला बाजूला केलं. चावली नाही.

संध्याकाळभर डोकं जड होतं. परागामुळे असेल.

६ एप्रिल

फळ धरलं! गुच्छागुच्छातून हिरवे मणी दिसतायत. अध्यक्षांनी बागेतच मला मिठी मारली. कारखान्याच्या मॅनेजरचाही फोन आला, बायकांना परत घेतोय म्हणाला. मुकादम बाई म्हणाल्या, "बहरात इकडे, हंगामात तिकडे. देवासारखे भेटलात." हे मी हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "देव शिडीवर चढत नाही, पडाल." पण खूश होती.

ताईला फोन केला. तिलाही आनंद झाला. तिची एक पेटी चांगली वाढतेय, राणी जोरात अंडी घालतेय म्हणाली. "ये बघायला," म्हणाली. जायला हवं.

९ एप्रिल

आज संघाची सभा होती. मला पुढच्या रांगेत बसवलं. उशिराच्या जातीच्या बागा आता फुलायला लागल्यात, त्यांचंही काम मलाच मिळालं.

एक नवी गोष्ट निघाली. झाडांवर मावा पडलाय. आजवर बहरात कुणी औषध फवारायचं नाही, असा संघाचाच नियम होता, मधमाश्यांसाठी केलेला. अध्यक्ष म्हणाले, आता मधमाश्या कुठे आहेत? कुणासाठी थांबायचं? मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमच्या बायकांना काही अडचण?"

मी विचार करून सांगितलं, फवारल्यावर औषध वाळेपर्यंत आम्ही बागेत जाणार नाही. मग आमच्या बाजूने काही अडचण नाही.

त्यांनी माझ्या कामाचंच तेवढं विचारलं होतं. ओढ्याकडच्या रांगेचं माझ्या मनात आलं होतं, पण विषय पुढे गेला. सभेत मध्येच उठून बोलायची मला सवय नाही. ताईला मात्र सांगून ठेवायला हवं. दोन दिवस पेट्या झाकून ठेवल्या की झालं.

१० एप्रिल

दिवसभर पराग वाळवण्यात गेला. ताईला फोन करायचा राहिला. फवारणी आजच झाली म्हणे. मला वाटलं होतं परवा करतील.

१२ एप्रिल

ताईने बोलावलं नव्हतं, मीच गेलो.

पेट्यांच्या पुढे जमीन तपकिरी दिसत होती. जवळ गेल्यावर कळलं की माश्या आहेत. काही अजून जिवंत होत्या, पाठीवर पडून गरागरा फिरत होत्या. जिभा बाहेर आलेल्या. ताई केरसुणीने त्या हळूहळू एकत्र करत होती. मला बघून म्हणाली, "बरा आलास. सुपली धर."

मी धरली. सुपली वजनाने काहीच लागत नव्हती, पण भरत होती.

"कुणी फवारलं?" तिने विचारलं.

"बागवाल्यांनी."

"बहरात?"

"मावा पडलाय. सभेत ठरलं."

"तू होतास?"

"होतो."

ती थांबली. तिने सुपलीखालची माती नीट केली आणि पुन्हा झाडायला लागली. घरामागे खड्डा काढून ठेवला होता, त्यात सगळं टाकलं. नंतर हात धुऊन तिने चहा केला. माझ्या चहात साखर कमी घालते ती नेहमी, डॉक्टरांनी सांगितल्यापासून. आजही तिच्या लक्षात होतं.

मी म्हटलं, "फोन करणार होतो गं मी."

ती म्हणाली, "हो. कामात असशील."

मला वाटलं होतं त्यापेक्षा तिने फारच शांतपणे घेतलं.

१४ एप्रिल

ही कालपासून ताईकडे राहायला गेली आहे. ताईला सोबत म्हणून, असं म्हणाली, पण जाताना माझ्याकडे बघितलं नाही. ताईला काही तक्रार नाही, मग हिलाच काय झालंय कळत नाही. घरभर परागाची पूड झालीय, त्याचा राग असेल. मी सगळं पुसून काढलं.

बहर चांगला चालू आहे. ओढ्याकडच्या रांगेत आता काही घोळ नाही.

३ जून

शहरात परिषद होती. मला भाषणाला बोलावलं होतं, कोट नवीन घेतला. माझ्याआधी कीटकांवर संशोधन करणाऱ्या एक बाई बोलल्या. कुठे कुठे काय काय कमी होत चाललंय, त्याची चित्रं दाखवली. मला ताईचंच बोलणं ऐकतोय असं वाटलं, फक्त पडद्यावर. लोक गप्प झाले होते. मग मी उठलो. म्हणालो, घाबरण्यासारखं काही नाही, मधमाशी जे करत होती ते माणूस शिकला आहे, आणि माणसाला ते काम सांगता येतं, वेळेवर बोलावता येतं. टाळ्या झाल्या. लोकांना धीर हवा असतो.

जेवताना त्या बाई शेजारी आल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडे एकही वसाहत उरली नाही का?"

मी म्हटलं, "माझ्या बहिणीकडे होत्या."

त्या थांबून राहिल्या, मी पुढे काही बोलेन म्हणून. मला भूक लागली होती.

२२ जुलै

ही एप्रिलमध्येच परत आली होती, ते लिहायचं राहिलं. बोलते, पण कामापुरतं. आज मात्र हाताला धरून मला परसात घेऊन गेली. भोपळ्याच्या वेलाला फुलं भरपूर, पण मागची इवली फळं पिवळी पडून गळत होती. तिने एक उचलून माझ्या तळहातावर ठेवलं.

"ह्याला किती बायका लावणार?" म्हणाली. "आणि शेजारच्यांच्या काकड्यांना? आणि पलीकडच्या रानाला?"

मी ब्रश आणून नर फुलातला पराग मादी फुलांना लावला. दोन मिनिटांचं काम. हे घ्या, झालं, म्हणालो. ती आत गेली. सप्टेंबरात इथेच पुढे लिहितोय: त्यातला एक भोपळा धरला. एवढा मोठा झाला की आम्हा दोघांना संपवता येईना, पण ताईकडे द्यायला न्यावा हे दोघांनाही सुचलं नाही. किंवा सुचलं असेल.

११ ऑक्टोबर

ताईने रिकाम्या पेट्या अंगणात रचून ठेवल्यात. मी म्हटलं, विकून टाक, लाकूड चांगलं आहे. तिने ऐकून घेतलं. तिच्याकडे गेलं की ती हवापाण्याचं विचारते, माझ्या गुडघ्याचं विचारते. एवढी शांत ती पूर्वी नव्हती. मी दुकानाचा माळा वाढवतोय ते सांगितलं, तर म्हणाली, "वा." उठून निघालो तेव्हा दारापर्यंत आली नाही. थंडी होती.

२७ मार्च

नवं वर्ष, नवा बहर. या वर्षी आजूबाजूच्या सगळ्या बागा माझ्याकडे आहेत. बायका पुरत नाहीत, म्हणून दुकानाच्या दारावर पाटी लावली होती.

आज सकाळी बागेच्या फाटकाशी नव्या बायकांना ब्रश आणि बाटल्या वाटत होतो. मान खाली, हात पुढे, असं चाललं होतं. एक हात पुढे आला आणि मी ब्रश ठेवणार, तेवढ्यात मला तो हात ओळखू आला. वर बघितलं. ताई.

डोक्याला रुमाल बांधलेला, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा.

"अगं, तू कशाला?" मी म्हटलं.

"पाटी वाचली."

"तुला काही कमी आहे का? मला सांगायचंस."

"दे ना. मागे सगळ्या खोळंबल्यात."

मी म्हटलं, बस सावलीला, नव्या बायकांना तूच शिकव, मला मदत होईल. ती म्हणाली, "मला झाडावर जायचंय." सगळ्यांसमोर वाद नको म्हणून दिला ब्रश. ह्या वयात शिडीवर. मुकादम बाईंना सांगितलं, लक्ष ठेवा, माझी बहीण आहे. त्या म्हणाल्या, "माहीत आहे." त्यांच्या आवाजात एरवीचा खणखणीतपणा नव्हता.

दिवसभर मी लांबूनच बघत होतो. ताई कुणाशी फार बोलली नाही. एका फुलापाशी जायची, ब्रश टेकवायची, पुढच्याकडे जायची. घाई नाही आणि थांबणंही नाही. इतर बायका फांदी खाली ओढतात, ताई स्वतःच फांदीकडे झुकायची.

चहाच्या वेळी मी पाण्याची बाटली घेऊन तिच्या झाडाखाली गेलो. वर बघितलं तर शेंड्याजवळची एक चांगली भरलेली फांदी तशीच होती. फुलांवर पिवळ्या पुडीचा ठिपकाही नाही. बाजूच्या झाडावरही तसंच. तिने केलेल्या प्रत्येक झाडावर एकेक फांदी.

"ताई, ती राहिली बघ. हात पोचत नाही का? मी पाठवतो कुणाला तरी."

"पोचतो की."

"मग?"

ती शिडीच्या पायरीवर बसून पाणी प्यायली. तोंड पुसलं.

"सोडलीय," म्हणाली. "आल्या तर."

मी म्हटलं, आता कुठून येणार गं. ते तिने ऐकलं की नाही ठाऊक नाही. बाटली माझ्या हातात देऊन ती पुन्हा वर गेली.

खरं म्हणजे मी लगेच मुकादम बाईंना सांगून त्या फांद्या करून घ्यायला हव्या होत्या. फळ धरल्यावर बागवाला नेमक्या तिथेच बोट ठेवणार आणि त्याला काय सांगायचं हे मला माहीत नाही. सांगायला गेलोही. पण त्यांच्यापाशी पोचलो आणि बाटल्या पुरतायत का, एवढंच विचारून परत आलो.

काम सुटल्यावर सगळ्या गेल्या, ताईही त्यांच्याबरोबर गेली. मी तिच्या झाडांकडे गेलो. अजून ऊन होतं. पहिल्या झाडाला शिडी टेकवलेलीच होती. ब्रश माझ्या खिशात होता, बाटलीत परागही उरला होता. एक पाय पायरीवर ठेवला आणि खाली घेतला.

मग तसाच झाडाखाली उभा राहिलो, वर त्या फांदीकडे बघत. काही ऐकू येत नव्हतं. तरी बराच वेळ उभा होतो.